बोटाएवढं जहाज

बाबांना काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा बरीच नजर गेलेली होती. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाकून उरलेली जपायची. बाबांना समोरचं दिसायचं, पण कडेचं काही दिसायचं नाही. ते म्हणायचे, "पाइपातून पाहिल्यासारखं वाटते." मेथीच्या वाफ्यात बसले की हातापुढची जुडी दिसायची, शेजारी ठेवलेला विळा दिसायचा नाही.

त्याच वर्षी मुंबईच्या बंदरात शिडांची जुनी जहाजं येणार असल्याची बातमी पेपरात आली. मी गावातल्या शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून ते पान जपून ठेवलं होतं. बाबांनी ते हात लांब करून धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"हा तं आपला मंडपच हाये," ते म्हणाले.

आमच्या देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत मंडप उभा करतात. उंचच उंच सागवानी खांब असतात, त्यांना दोर बांधलेले असतात आणि ते दोर माणसं हातात धरून उभी राहतात. खांब जराही कलला की "धरा, धरा" अशी आरोळी उठते आणि त्या बाजूचे सगळे अंग मागे टाकून ओढतात. बाबांनी तरुणपणापासून दोर धरला. नजर गेल्यावर लोकांनीच त्यांना मायेने बाजूला बसवलं.

"याचे दोर कोन धरते रे? पान्यात तं पाय रोवायले जागाच नाही."

मी सांगू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "सांगू नको. मले पाहू दे. अजून दिसते तंवर पाहू दे."

बाबांनी माझ्याकडे याआधी कधीच काही मागितलं नव्हतं. मी घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात होतो तेव्हा माझा डबा पहाटेच्या एसटीत ठेवायला ते स्वतः स्टँडवर जात, आणि तरी मला कधी म्हणाले नाहीत की तू आमच्यासाठी हे कर. मी लगेच सुट्टी टाकली. चित्रकलेच्या सरांनी त्यांचा कॅमेरा दिला, चांगलं लांब भिंग असलेला. जालन्याहून आम्ही रेल्वेने गेलो.

सहलीची बोट भरलेली होती. बाबांना मी कठड्याजवळची जागा मिळवून दिली. त्यांनी धोतर नीट खोचलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि देवळात बसावं तसे बसले. बंदरातली धूसर हवा हळूहळू विरळ झाली आणि पहिलं जहाज दिसू लागलं. तीन डोलकाठ्या होत्या, त्यांवर आडवी लाकडं, गुंडाळलेली शिडं आणि वरपासून खालपर्यंत दोरच दोर.

बोटवाल्याने फोटोसाठी बोट अगदी जवळ नेली. सगळे एका अंगाला धावले. "अरे, सगळे एकीकडे नका येऊ, बोट झुकतेय!" तो ओरडत होता. मी कठड्याला कंबर टेकवून फोटो घेत होतो. जहाजाच्या पुढच्या टोकावरची, नाळेवरची कोरलेली बाई, डांबर लावलेले दोर, पितळेची घंटा. इतके स्पष्ट फोटो मी आयुष्यात घेतले नव्हते.

"कुठं हाये?" बाबांनी विचारलं.

"समोरच हाये बाबा."

"मले तं भिंत दिसून राह्यली. नुस्ती काळी भिंत."

मी त्यांचं डोकं हलकेच वळवलं. त्यांना एक खिडकी दिसली, मग एका दोराचा तुकडा. जहाज समोर होतं, पण त्यांच्या नजरेत मावत नव्हतं. मी कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला, तर उजेडात तो काळाच दिसत होता. तेवढ्यात एक मोठी होडी शेजारून गेली आणि आमची बोट डोलली. बाबांच्या नजरेपुढे नेमकी एक डोलकाठी होती, ती त्यांना कलताना दिसली.

"धरा बे! धरा, खांब कलला!" ते उभे राहून ओरडले. बोटीच्या कापडी छताचा दोर त्यांनी दोन्ही हातांनी पकडला आणि अंग मागे टाकलं.

छत करकरलं. लोक हसले. एक बाई म्हणाल्या, "काका, सोडा हो, नाहीतर आमच्याच डोक्यावर मंडप पडेल!" बोटवालाही हसला. बाबांनी दोर सोडला आणि खाली बसले. ते ओशाळले नव्हते. ते थकले होते. "राहू दे," ते म्हणाले. "माह्यापुरतं तं गेलंच आता हे."

बोट वळली. लोकांनी मोबाइल खिशात घातले, कोणी चिवडा काढला. मी बाबांना मागच्या बाकावर नेऊन बसवलं, कारण तिथे वारा कमी होता. कॅमेरा बंद करून मी त्यांच्याशेजारी बसलो.

आम्ही बरेच लांब आलो होतो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"थांब. हालू नको."

ते मागे पाहत होते. जहाज आता लहान झालं होतं.

"आलं," ते म्हणाले. "पुरं आलं रे. तीनही खांब. वरचं टोक बी दिसते." थोड्या वेळाने, अगदी हळू, "दोर धरनारं कोनीच नाही."

"नाही बाबा. ते जहाजालाच बांधलेत."

"मंग मानसं काय करतात?"

"वर चढून शिडं सोडतात."

ते पाहतच राहिले. "घे फोटो," म्हणाले. "मले दिसते तेवढाच घे. मोठा करू नको."

मी भिंग मागे घेतलं आणि एकच फोटो काढला. त्यात बहुतेक पाणीच आहे, वर राखाडी आभाळ आणि मध्ये बोटाएवढं जहाज.

घरी आल्यावर मी नाळेचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. बाबांनी त्याकडे कधी पाहिलं नाही. लांबून काढलेल्या त्या फोटोची छोटी प्रत ते सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि हात लांब करून पाहत. यंदा त्यांना तीही दिसत नाही. थेंब अजून वेळेवर टाकतो.

परवा उंद्रीचा पाहुणा आला होता. बाबांनी खिशातून फोटो काढून त्याला दिला. पाहुण्याने तो नाकाशी नेला. "लई बारीक हाये हो दादा. काईच कळत नाही."

"जवळ काऊन नेतं?" बाबा म्हणाले. "दूर धर."