डावीकडची सीट

माझी पत्नी हिवाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळी नांदेडच्या दवाखान्यात वारली.

आमच्या जुन्या गाडीची दुखणी आम्ही दोघांनी वाटून घेतली होती. तेल कुठून गळतं हे मी गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवून पाहायचो. आवाज ओळखायची ती. मला गाडी चालवताना फक्त रस्ता दिसायचा, ऐकू काही यायचं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एकटाच लातूरला मुलीकडे निघालो आणि अहमदपूरच्या अलीकडे गाडीतून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. तिथल्या ओळखीच्या मेकॅनिकनं विचारलं, “आवाज कव्हा येतो सर? वळताना का सरळ चालताना?”

मला सांगता येईना.

“मॅडमला आणायचं की सोबत! त्यांचे कान लई तिखट. तुम्हाला तर मागचा ट्रकबी ऐकू येत न्हाई.”

मी त्याला सांगितलं. त्यानं हातातला पान्हा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “मग मलाच बाजूला बसून ऐकावं लागंल.”

त्या सीटवर तिच्यानंतर कुणी बसलं नव्हतं. पाय नीट टेकावेत म्हणून ती सीट पुढे ओढून बसायची. मला नको म्हणायचं होतं, पण मी दार उघडलं. गुडघे मावेनात म्हणून त्यानं सीट मागे सरकवली. उजव्या वळणावर आवाज वाढला तसा तो म्हणाला, “उजवीकडं वळलं की भार डाव्या चाकावर येतो. त्याचीच बेरिंग गेली.”

बेरिंग बदलली, आवाज थांबला. घरी आल्यावर सीट पुढे घेऊन पाहिली, पण सीट ज्या पट्टीवर सरकते तिथली तिची खाच नेमकी कोणती होती ते आठवेना. सीट मागेच आहे आणि पुठ्ठ्यावर तेलाचा डाग अजून पडतो.