भाडं न घेणारे काका

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि पास्थळच्या आत्माराम राऊतांना खोल्या बांधायची हुक्की आली. परगावची माणसं ट्रंका डोक्यावर घेऊन जागा विचारत हिंडत होती, आणि यांच्या वाडीत रस्त्याकडेचा एक तुकडा नुसता बकऱ्यांच्या सेवेत पडून होता. जन्मभर वांगी-पडवळ विकून जे सुटलं नाही, ते घरबसल्या भाड्यात सुटेल असा त्यांनी हिशेब मांडला. अडचण फक्त भांडवलाची होती. ते दमयंतीबाईंच्या हातांत होतं. चार पाटल्या.

पाटल्या पालघरच्या पेढीवर गहाण पडल्या, तेव्हा आत्मारामांनी बायकोला शब्द दिला होता. वैशाखात सफाळ्याला भाचीचं, विजयाचं लग्न. त्याआधी पाटल्या हातात. खोल्या उभ्या राहिल्या आणि दसऱ्याला पहिलीत नगरकडचा पुंजाराम राहायला आला. बांधकामावरच्या गोदामात कारकून, माणूस काठीसारखा सरळ. महिना भरताच चाळीस रुपये घेऊन तो सकाळीच ओटीवर हजर झाला.

आता या पट्टीतली रीत अशी, की कुणी काही पुढं केलं तर आधी ‘राहू द्या’ म्हणायचं, मग ‘काय घाई हाय’ म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा नाइलाज झाल्यासारखं तोंड करून घ्यायचं. पहिल्याच खेपेला हात पुढं करणारा माणूस हावरा ठरतो. आत्माराम रीतसर म्हणाले, राहू द्या हो. पुंजारामनं पुन्हा नोटा पुढं केल्या.

“काय घाई हाय? आमी काय कुठं पळून चाललोय?”

पुंजारामनं नोटा खिशात घातल्या, गहिवरून नमस्कार केला आणि तो कामावर गेला. आत्मारामांनी तयार ठेवलेलं नाइलाजाचं तोंड तसंच तोंडावर राहिलं.

“तिसऱ्यांदा विचारलंच नाय त्यानं,” ते घरात येऊन करवादले. “ह्यांच्या गावाला काय शिकवतात का नाय?”

पुढच्या महिन्यात तर पुंजारामनं भिडेपोटी एकदाच विचारलं. दुसऱ्या खोलीत त्याचाच सोबती पंढरी आला. त्यानं तेवढंही विचारलं नाही. पैशाचं नाव काढलं की काकांचं मन दुखावतं, अशी पुंजारामनं त्याला आधीच ताकीद दिली होती. संक्रांतीनंतर तीन अनोळखी इसम वळकट्या घेऊन दारात उभे राहिले आणि भाडं न घेणारे काका इथंच राहतात का, म्हणून अदबीनं विचारू लागले. आत्मारामांनी त्यांना बोईसरचा रस्ता दाखवला, पण त्यांनाही आधी चहा पाजून. पेढीचं व्याज मात्र कुणाची भीड न धरता चढत होतं.

शेवटी आत्माराम वाडीत जाऊन वांग्यांसमोर ‘द्या’ हा शब्द म्हणून बघू लागले. वांग्यांसमोर तो छान यायचा.

फाल्गुनात एका सकाळी पुंजाराम गावाहून आणलेलं ज्वारीचं पीठ द्यायला आला. जाता जाता भाड्याचा विषय त्यानं चाचरतच काढला. आत्मारामांनी सगळा जोर एकवटला आणि तोंडातून निघालं, “राहू द्या.”

दमयंतीबाई दारातच होत्या. त्या सरळ पुढं आल्या.

“भाऊ, यांच्या तोंडाकडं बघू नका. माझ्या हातांकडं बघा.”

हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. पाटल्या कुठं आहेत आणि कशापायी, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. पुंजारामचा चेहरा उतरला. तो धावत खोलीत गेला आणि बिस्किटांचा डबा घेऊन आला. काका मागतील तेव्हा द्यायचे, म्हणून दर महिन्याचे चाळीस त्यानं वेगळे गुंडाळून ठेवले होते. पंढरीकडून निम्मेच निघाले. बाकीचे त्यानं एका नव्या घड्याळात घातले होते. तरी चारांपैकी दोन पाटल्या सुटण्याइतकी रक्कम जमली.

पुंजारामनं ती पुढं केली. दमयंतीबाईंनी पहिल्याच खेपेला घेतली.

तो गेल्यावर आत्मारामांना राहवेना. “एकदा तरी राहू द्या म्हणायचं होतंस. काय वाटलं असंल त्याला?”

दमयंतीबाईंनी पैशांची पदराला गाठ मारली आणि पालघरची बस किती वाजता, ते विचारलं.