पारा जागचा हलला नाही

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. वाचणाऱ्याने माफ करावं. ही वही मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण कोणाच्या हाती लागलीच तर निदान गोष्ट समजावी, म्हणून सावकाश लिहिते आहे.

त्या रात्री साडेआठला मी बॅटरीच्या उजेडात बॅरोमीटर बघत होते. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. आमचे ऑब्झर्वर नेवेसाहेब दुपारच्या एसटीने जळगावला गेले होते. त्यांची मुलगी बाळंतपणात अडली होती. रजेचा अर्ज करायला वेळच नव्हता. जाताना म्हणाले, "बाई, साडेपाचचं रीडिंग तुम्ही घ्या. फॉर्मवर मी सही करून ठेवलीय. तार देऊन या. सकाळी साडेआठच्या आत मी परत येतो. मधे काही करू नका."

"आणि वादळाचं काही झालं तर?"

"आपल्याकडे काय होणार? ते काठेवाडकडे चाललंय."

रेडिओही तेच सांगत होता. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. समुद्रात वादळ उठलं होतं आणि रोज जोर धरत होतं. धुळ्यात मात्र आभाळ निरभ्र. मी समुद्र आजवर पाहिलेला नाही.

धुळ्याच्या त्या हवामान ऑफिसात मी चपराशी होते. आधी माझे मालक होते. ते वारल्यावर त्यांच्या जागी मला, बायकोला, घेतलं. झाडणं, यंत्रं पुसणं, ओल्या थर्मामीटरच्या वाटीत पाणी भरणं, तार पोचवणं, एवढं माझं काम. रीडिंग घेणं हे काम ऑब्झर्वरचं. पण साहेबांना शिकवायची हौस होती, आणि मला आकडे बरे येतात. चौथीत गणितात मी पहिली होते.

बॅरोमीटर म्हणजे पाऱ्याची उभी काचनळी. वरच्या हवेचं वजन जास्त तर पारा वर, कमी तर खाली. वादळाच्या पोटात हवा हलकी असते. म्हणून वादळ जवळ आलं की पारा उतरतो. गावोगावचे आकडे तारेने मुंबईला जायचे. तिथले साहेब ते नकाशावर मांडून वादळ कुठे आहे, कुठे वळतंय, हे ठरवायचे. भर समुद्रातून आकडे येत नसत, कारण वादळ दिसलं की जहाजं लांब पळतात. म्हणून आमच्यासारख्या कोरड्या गावाच्या आकड्यालाही किंमत होती.

आता मुख्य गोष्ट. वादळ असो नसो, पारा दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाला वर, दुपारी चारला खाली. रात्री दहाला वर, पहाटे चारला खाली. हे रोजचं आहे. नवीन माणूस दुपारी पारा उतरलेला बघून घाबरतो. साहेब हसून म्हणायचे, "त्याला पण दुपारी डुलकी लागते."

मी ऑफिसच्या मागच्या खोलीत राहायचे. झोपण्याआधी चूल विझली का ते बघतो, तशी मी साडेआठला पारा बघायचे. कोणी सांगितलं नव्हतं. आकडा बिघडलेल्या फॉर्मच्या पाठीवर लिहून ठेवायचे. संध्याकाळच्या साडेपाचपेक्षा साडेआठचा आकडा नेहमी थोडा जास्त. चार महिन्यांत एकदाही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी आकडा तोच होता. साडेपाचला जो, तोच साडेआठला. दशांशासकट.

आधी वाटलं, माझंच चुकलं. नळीवर नखाने टिचकी मारली. मागे पांढरा कागद धरला. डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून परत वाचलं. तोच. पंधरा मिनिटं थांबून वाचलं. केसभर कमीच.

नळाखाली हंडा लावला आहे, नळ चालू आहे, आणि तरी पाणी वर येत नाही. मग हंड्याला भोक असलं पाहिजे. पारा चढायची वेळ होती. तो चढत नव्हता, म्हणजे दुसरं काहीतरी त्याला खाली ओढत होतं. वादळ काठेवाडकडे जात असतं तर त्याने धुळ्याचा पारा इतका का ओढावा? ते आमच्या बाजूला वळलं असावं.

पुढची तार सकाळी साडेआठला जायची होती. मुंबईला तोवर कळणार नव्हतं. आणि मला पांझरेच्या पात्रातली पालं दिसत होती. त्या दिवसांत नदीला धारेपुरतं पाणी असायचं. कापूस वेचायला डोंगराकडून आलेली माणसं वाळूतच पालं ठोकून राहायची. पन्नासेक माणसं, लेकरं, कोंबड्या. वर डोंगरात पाऊस झाला तर नदी किती वेळात भरते हे धुळ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी तारऑफिसात गेले. सोनार तारमास्तर ड्युटीवर होते.

"काय बाई, साडेपाचची तार गेली की तुमची."

"अजून एक पाठवायची आहे."

"सही कुठेय फॉर्मवर?"

"साहेब बाहेर गेलेत."

"बाहेर म्हणजे कुठे?"

मी आकडा लिहिलेला कागद पुढे सरकवला. सोनारांनी चष्मा कपाळावर घेतला. "सहीशिवाय सरकारी तार नाही जात. खाजगी जाईल, अर्जंट. पैसे तुमचे, नाव तुमचं." मग आकडा बघितला. "अहो, हा तर मघाचाच आकडा! काही झालं नाही हे कळवायला सहा रुपये चाळीस पैसे घालणार?"

"व्हायला पाहिजे होतं, ते झालं नाही," मी म्हटलं.

सोनारांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या नावाने तार गेली की मुंबईवाले विचारतील, ऑब्झर्वर कुठे होता. नेव्यांवर येईल. तुमच्यावरही. विचार करून या."

माझ्याजवळ दीड रुपया होता. पगाराला आठ दिवस होते. मी नदीवर गेले. पालांत बुधीबाई होती. रोज ऑफिसच्या नळावर पाणी भरायला यायची, म्हणून ओळख. भाकरी थापत होती.

"बुधीबाई, पालं उचला. पाणी येईल असं दिसतंय."

तिने वर बघितलं. "आभाय बठ्ठं साफ शे. तुले कोनी सांगं?"

"पाऱ्याने."

"पारा बोलस का वं?" आजूबाजूच्या बाया हसल्या. बुधीबाई हसली नाही. म्हणाली, "तू सांगं म्हनीसन कोनी उठाव नही. सरकारना मानूस उना का उठसूत."

तेही खरंच होतं. चपराशी बाईच्या सांगण्यावरून दिवसभर राबलेली माणसं का उठतील? मी तिला तारेचं सांगितलं. सरकारचा माणूस यायला आधी तार जायला हवी, आणि तारेला पैसे कमी पडताहेत.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग कमरेची गाठ सोडली. वेचणीचे पैसे होते. एक-एक रुपयाच्या पाच नोटा. "ले. परत देजो. मना पोऱ्याना कपडा-पांघरुनना शेतस."

तार गेली. सोनारांनीच इंग्रजी केलं. "साहेब नाहीत" असं मी लिहिलं नाही. पण खाली माझं नाव होतं.

दोन तासांत मुंबईहून उलट तार आली. दर तासाला रीडिंग पाठवा. माझ्या नावावर आली होती. मुंबईनेच मागितल्यावर सोनारांनी पुढच्या तारा सरकारी म्हणून घेतल्या, मी पाठवत राहिले. पारा चढायचा सोडून उतरतच गेला. पहाटे रेडिओवर शब्द बदलले. वादळ सुरतेच्या बाजूला वळलं होतं.

साहेब सातला आले. डोळे लाल, पण चेहरा हलका. "मुलगी झाली. दोघी सुखरूप." मग टेबलावरच्या तारांची चळत पाहिली. एकेक वाचली. खाली बसले.

"बाई, मी म्हटलं होतं मधे काही करू नका."

"हो साहेब."

"माझी नोकरी खाल्लीत तुम्ही."

ते उठले, बॅरोमीटरजवळ गेले, वाचलं, परत वाचलं. माझे पाठकोरे कागद मागितले. ते पाहून झाल्यावर म्हणाले, "चहा टाका. आणि साडेआठचं रीडिंग तुम्हीच घ्या. माझा डोळा आज ठिकाणावर नाही."

मुंबईचा इशारा आला आणि नऊला कलेक्टर ऑफिसची जीप नदीवर भोंगा वाजवत गेली. पालं उठली आणि शाळेच्या ओसरीत गेली. काही जण शिव्या देत गेले, कारण आभाळ अजून साफच होतं. दुपारी वारा सुटला. वादळ किनाऱ्याला लागून आत सरकलं. धुळ्यात पत्रे उडाले, बाभळी पडल्या. यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या झाल्याचं नंतर ऐकलं. रात्री पांझरा दोन्ही काठ धरून आली. पालांच्या जागी सकाळी नुसतं गढूळ पाणी. माणूस एकही गेलं नाही. कोंबड्या काही गेल्या.

कापूस भिजून गेला, काम संपलं. बुधीबाईची टोळी दोन दिवसांत डोंगराकडे परतली. मी पगाराच्या दिवशी पाच रुपये घेऊन गेले, तर शाळेच्या ओसरीत कोणी नव्हतं. गावाचं नाव मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मग कागद सुरू झाले. विनापरवानगी ठाणं सोडलं म्हणून साहेबांची एक इन्क्रिमेंट थांबली. मला मेमो आला, अधिकार नसताना उपकरण हाताळलं म्हणून. साहेबांनी तारेचं बिल पाठवलं होतं. ते ऑडिटने परत केलं. शेरा असा होता: साडेपाच व साडेआठचे आकडे एकच आहेत, सबब नवीन माहिती नाही, सबब अर्जंट तारेची गरज दिसत नाही.

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "याचं उत्तर तुम्ही लिहा."

"मी? माझं अक्षर..."

"अक्षर राहू द्या. आकडे वाचता येतात त्यांना."

मी तीन संध्याकाळी लिहीत होते. एका बाजूला साडेपाचचे आकडे, दुसऱ्या बाजूला साडेआठचे, चार महिन्यांचे. रोज दुसरा मोठा. शेवटच्या ओळीत दोन्ही सारखे. खाली एवढंच लिहिलं, "ही ओळ कळवली." सोबत पाठकोरे कागद जोडले.

उत्तर नऊ महिन्यांनी आलं. बिल मंजूर. सहा रुपये चाळीस पैसे. मेमो मात्र मागे घेतला नाही, तो माझ्या सर्व्हिस बुकात शेवटपर्यंत राहिला. इन्क्रिमेंटही मिळाली नाही. साहेब म्हणायचे, नात चांगली महागात पडली. यातून मी एक शिकले. सरकारात काय झालं हे कळवायला फॉर्म असतो. काय झालं नाही, याला नसतो. ते आपल्या कागदावर लिहून ठेवावं.

पाच रुपये मी वेगळे काढून बॅरोमीटरच्या खोलीतल्या फडताळात ठेवले होते. पुढच्या दिवाळीनंतर पांझरेत पुन्हा पालं पडली. तिसऱ्या दिवशी बुधीबाई हंडा घेऊन नळावर आली. मी आत जाऊन नोटा आणल्या. तिने एकेक मोजली, परत मोजली.

"याज नही का वं?" तिने व्याजाचं विचारलं, आणि माझं तोंड पाहून हसत सुटली. मग नोटा कमरेला गाठ मारून ठेवल्या आणि हंडा नळाखाली लावला. म्हणाली, "बठ्ठा पैसा उनात. फिटनं."