मामांची उलटतपासणी

परदेशी सरकारांवर माझ्या बायकोच्या मामांइतका चिडलेला माणूस उभ्या नागपुरात दुसरा नव्हता. कोर्टातून निवृत्त झालेले हे शिरस्तेदार महाल भागातल्या आपल्या दोन खोल्यांत बसून रोज संध्याकाळी रेडिओवर साऱ्या जगाशी भांडायचे. एकेक सरकार स्वतःच्या खर्चानं स्वतःच्याच बातम्या पाच-पाच भाषांत सांगतं. मामांना त्यातल्या इंग्रजी, उर्दू आणि हिंदी यायच्या. तिन्हींत एकच बातमी ऐकायची आणि साक्षीदार फुटला की टेबलावर थाप मारायची! "इंग्रजीत म्हणते चर्चा झाली, उर्दूत म्हणते दोस्ती झाली, अन् हिंदीत आपल्याले गव्हाच्या पिकाचं सांगून राहिला! काहून गा? आम्ही का येडे आहो?" कूलरच्या मोटरीनं रेडिओ खरखरतो म्हणून भर मे महिन्यात कूलर बंद. जावई म्हणून कौतुकानं जावं, तर घामानं निथळत बसा आणि तोंड उघडलं की "श्श!" ऐका. संताप संताप व्हायचा. मामी एकदा भडकल्याच, "अवो, त्या रेडिओतल्या बाईले तुमचं ऐकू जाते का?" मामा म्हणाले, "सरकारी पैशानं खोटं बोलते, तं तिले ऐकाच लागन!"

पुढे त्यांचा एकुलता एक मुलगा आखातात तेलाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला आणि तिकडे लढाई पेटली. त्याच्याच शहरावर बॉम्ब पडल्याचं एका देशाच्या रेडिओनं सांगितलं. फोन लागेना. मी धावत महालात गेलो, तर मामा रेडिओचा काटा फिरवत होते. दुसरा देश म्हणाला, कारखान्याला आग लागलीय. तिसरा म्हणाला, माणसं दगावलीत. मग मुलगा होता त्या मुलखाच्याच सरकारची उर्दू बातमी लागली: शहरात सगळं सुरळीत आहे, परदेशी कामगार सुखरूप आहेत.

माझं डोकंच फिरलं. अरे, बापाला खोटं सांगताना लाज कशी वाटत नाही! मी ओरडलो, "मामा, थापा आहेत या! तुम्हीच सांगा, हे लोक कधी खरं बोललेत?"

मामांनी माझा हात घट्ट धरला. "चूप राहा, जावाईबापू. सरकारी रेडिओ आहे. सरकार कायले खोटं बोलन?" मग मामींकडे वळून म्हणाले, "ऐकलं ना वं? सुखरूप आहे म्हणते."

मामींनी मान डोलावली. पोरगा धडधाकट असल्याचा निरोप पुढच्या आठवड्यात आला. तोवर त्या घरात मामांनी दुसऱ्या कुठल्याही देशाची बातमी लावू दिली नाही.