शिडाची दोन टोकं

दांडिया बाजारात ताडपत्री शिवणाऱ्याकडे मी गॅलरीचा पडदा घ्यायला गेलो होतो, तिथे एक होडीवाला भेटला. फाटलेलं शीड शिवून घ्यायला आला होता. दमणला नांगरलेल्या शिडाच्या होडीवर बायको-मुलीसह राहायचा. पाय फाकून उभा, चहाचा ग्लास टेबलावर न ठेवता मुठीत धरलेला. जमीन हलत नाही यावर त्याचा विश्वास नसावा.

नोकरी सोडून असंच कुठेतरी निघावं, असं मला दर सोमवारी वाटतं. या वेळी घरी बोललो, तर ही म्हणाली, "आधी गॅलरी आवरा." तेव्हापासून पाच दिवस अबोला होता.

"होडीवर समाधान मिळतं का हो?" मी विचारलं.

"कुठलं? माझीही चुळबुळ चालूच," तो हसला. "पण भाऊ, होडी खोलीएवढी. रुसून जाणार कुठे? शीड चढवायला दोघं लागतात. वारा सुटला की बोलावंच लागतं."

गोत्रीतल्या आमच्या घरात खोल्या तीन. आम्ही एकेक वाटून घेतली होती.

घरी येऊन पडद्याचं एक टोक हिच्यापुढे केलं. "जरा धर ना, एकट्याला जमत नाही."

"डावीकडे ओढा," ती म्हणाली.

सोमवारला अजून दोन दिवस होते.