यादीतला चाफा

रोज देवाला वाहताय ते फूल परदेशी आहे असं कळलं, तर तुम्ही त्याचं झाड तोडाल?

मी निघाले होते! आमच्या घरी बाबांना नळाला पाणी आलं नाही तरी पत्रक सुचायचं. त्यांच्या पत्रकांच्या घड्या घालतच मी मोठी झाले. म्हणून इंदूरच्या विजय नगरमधल्या आमच्या सोसायटीच्या बागेसाठी मीही लिहिलं: ‘परदेशी झाडं हटवा!’ खाली यादी. घरोघरी फिरून सह्या घेतल्या. रविवारी माळी येणार होता.

शनिवारी सकाळी तळमजल्यावरच्या काकूंनी यादी वाचली. त्यांच्या खिडकीसमोरच्या पांढऱ्या चाफ्याच्या फुलांशिवाय त्यांची पूजा होत नसे.

“चाफा परदेशी?”

“मेक्सिकोकडचा, काकू.”

“आणि काल भुट्ट्याचा कीस हाणलास, तो मका कुठला गं?”

“तिकडचाच.”

“त्यातली मिरची?”

“तीही.”

जिन्यातून उतरणारे शेजारचे काका हसले. “अरे भिया, ही पोरगी तो पूरा इंदौरच बंद करवेल!”

“आपले मराठी पणजोबाही इथल्या दरबारच्या नोकरीला दक्षिणेतून आले,” काकू म्हणाल्या. “आपल्यावरही मार फुली.”

दुपारभर मी वाचत सुटले. पेरू, सीताफळ, माळव्याच्या काळ्या मातीत पोसलेला बटाटा, सगळे समुद्रापलीकडचे! परक्या मातीत काय जोमाने वाढले होते! मग बागेत धावले. यादीतल्या घाणेरीखाली काहीच उगवत नव्हतं. तिने बागेची सगळी कड गिळली होती. चाफ्याखाली मात्र दूर्वा होत्या, मुंग्यांची वारुळं होती. झाड कुठून आलं हे मी विचारलं होतं. इथे येऊन ते काय करतं, हे विचारलंच नव्हतं.

रविवारी मी बागेत पोचेपर्यंत माळ्याने चाफ्याची एक फांदी उतरवली होती.

“थांबा! चूक माझी आहे.”

“मॅडम, सह्या तुम्हीच आणल्या,” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. “आता कटेल.”

“मग सह्या परत आणते.”

माळी बिडी ओढत बसला. मी लाल पेन घेऊन पुन्हा प्रत्येक दार वाजवलं, ‘चाफा’ खोडला, शेजारी नव्याने सही घेतली. लोक हसले, पण सह्या दिल्या. घाणेरी गेली, चाफा राहिला. तोडलेली फांदी काकूंनी आठवडाभर तिचा चीक सुकू देऊन माझ्या कुंडीत खोचली. तिला पानं फुटली तेव्हा मी अक्षरशः ओरडले.

तुमच्या कॉलनीत अशी यादी आली, तर सहीआधी प्रत्येक झाडाखाली जा. तिथे दुसरं काही उगवतंय का, बघा. उगवत असेल, तर त्या झाडाचं नाव यादीतून खोडा आणि का खोडलं ते सेक्रेटरीला तोंडावर सांगा.