अण्णांचा डोळा

काल अंबडला भंगाराच्या आवारात क्रेनचं विजेचं चुंबक लोखंड उचलताना पाहिलं आणि अण्णांचा डोळा आठवला.

नव्वदच्या दशकात माझे वडील, अण्णा, सातपूरला लेथवर होते. एकदा धातूचा कण उडून त्यांच्या डोळ्यात घुसला. डॉक्टरांनी तसंच, पण हातात मावणारं चुंबक डोळ्याजवळ धरलं. पायाने बटण दाबलं की वीज वाहून त्यात ओढ यायची, सोडलं की जायची. तीनदा दाबलं. कण हलला नाही.

"लोखंड नसावं," डॉक्टर म्हणाले.

अण्णा हळूच म्हणाले, "दुपारी पितळही कातलं होतं."

"पितळाला हे ओढत नाही हो."

पुढे ऑपरेशन झालं, पण नजर गेलीच. डॉक्टरांनी तसं सांगितलं त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर येताना अण्णा मला म्हणाले, "अगं, दुसरा आहे ना!" तेव्हा मला धीर आला होता. आज त्यांच्या वयाची झाल्यावर आठवतं, माझा हात त्यांनी किती घट्ट धरला होता.